मागून घेतलेली बदली

आईच्या तिसाव्या स्मृतिदिनाला सूरज एक अर्ज टाइप करून घेऊन आला. तीन प्रती, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. फोल्डर गाडीत मागच्या सीटवर ठेवला होता, आणि सिल्लोडच्या पुढं रस्ता खराब लागला तेव्हा तो खाली पडला का हे बघायला त्यानं बायकोला, संध्याला, दोनदा मागं वळायला लावलं.

"अर्जच आहे," संध्या म्हणाली. "पडला तर उचलू."

सूरजला मात्र तो नुसता अर्ज वाटत नव्हता. आई गेली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, ज्योत्स्ना नऊ वर्षांची, आणि दैवशालाताई बावीस. नुकतीच जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलेली. पुढची तीस वर्षं ताईनं धावड्यातल्या त्या घरात काढली. त्याला पॉलिटेक्निकला घातलं, ज्योत्स्नाचं लग्न केलं, आणि सहा वर्षांपूर्वी वडिलांची, तात्यांची, डावी बाजू अर्धांगानं गेली तेव्हापासून त्यांची अंघोळ, जेवण, औषध, सगळं तिच्याकडंच. त्या बदल्यात तू काय केलंस असं कुणी विचारलं असतं, तर दिवाळीच्या साड्या सोडून सूरजला काही सांगता आलं नसतं. आता कुठं संधी आली होती. बदल्यांच्या यादीत ताईचं नाव लागलं होतं. घनसावंगी तालुका, गोदाकाठची दोनशिक्षकी शाळा. जिल्ह्याच्या या टोकाहून त्या टोकाला. सूरज आठ दिवस फोन करत होता. शेवटी ओळखीतून एक माणूस निघाला आणि त्यानं अर्जात काय काय लिहायचं ते सांगितलं.

अकराच्या सुमाराला गल्लीतली माणसं जमली. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली आईचा, गिरिजाबाईंचा, फोटो ठेवला होता. मेणबत्त्या लागल्या, सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. तात्या खुर्चीत बसले होते. त्यांचा डावा हात उचलत नाही म्हणून दैवशाला खुर्चीमागं उभी राहिली आणि तिनं तो हात उचलून उजव्या हाताला जोडून धरला. गाथा संपेपर्यंत तशीच वाकून उभी होती. सूरजनं ते पाहिलं आणि त्याला फोल्डरची आठवण झाली.

खीर-पुरी खाऊन माणसं गेली. तात्यांना ओसरीवरच्या खाटेवर निजवलं. ज्योत्स्नाचा नवरा मिथुन भिंतीला टेकून बसला होता. सूरजनं फोल्डर उघडला.

"ताई, इकडं ये. तीन सह्या कर."

"कशावर?" दैवशाला पदराला हात पुसत आली.

"बदली रद्द करायचा अर्ज. बोलणं झालंय माझं, बिलकुल होऊन जाईल. एकट्या बाईला सवलत असती म्हणे, बदली नको म्हणून फॉर्मवर भरता येतं. तुझा नकार कंप्युटरनं घेतलाच नसंल."

दैवशालानं कागद घेतला आणि उभ्याउभ्याच वाचला. मुलांच्या वह्या तपासाव्यात तसा, शेवटच्या ओळीपर्यंत. "पीडितचा पी दीर्घ असतो," ती म्हणाली आणि कागद परत केला. "कंप्युटरची चूक न्हाई रे. मी मागितली बदली."

सूरज हसला. मग ती हसत नाही असं बघून थांबला. "म्हंजे?"

"फॉर्मवर पहिला नंबर घनसावंगीच लिहिल्ता मी."

"कुणासाठी?"

हे त्याच्या तोंडून सहज गेलं. या घरात ताई जे काही करायची ते कुणासाठी तरी असायचं. त्याला वाटलं, तिथं कुणी असेल. बावन्नाव्या वर्षी का होईना. त्यानं आवाज खाली आणला. "कुणी असंल तर सांग ताई. आम्ही काय जुन्या काळचे न्हाईत."

"कुणी न्हाई."

"मंग तब्येत? काही दुखून राह्यलंय का? तिकडं कोणी डॉक्टर…"

"मी ठीक आहे."

"मंग कुणासाठी चाललीस तू?"

"कुणासाठीच न्हाई, सूरज. मला जायचंय."

खाटेवर तात्यांनी हळूहळू, उजव्या कोपराचा आधार घेत, भिंतीकडं तोंड केलं.

*

ज्योत्स्नानं हे स्वैपाकघरातून ऐकलं. हातातलं पातेलं तसंच खाली ठेवून ती ओसरीवर आली. तिला खरोखर आनंद झाला होता.

"बरं केलं ताई! लई बरं केलं."

"तू मधे बोलू नको," सूरज म्हणाला.

"का न्हाई बोलू? तीस वर्षं झाली. तुझं शिक्षण झालं, माझं लग्न झालं, लेकरं झाली. बाईला एकदा वाटलं आपण कुठं जावं, तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

"माझ्या पोटात दुखत न्हाई. तात्यांना कोण बघणार ते सांग. तू नेतीस जालन्याला?"

जालन्यातल्या मस्तगडातल्या दोन खोल्या ज्योत्स्नाच्या डोळ्यांसमोर आल्या. दुसरा मजला. पुढच्या खोलीत सासूबाईंची खाट. आर्याची दहावी. संडास खालच्या चौकात.

"मी न्हाई कुठं म्हणलं," ती म्हणाली. "पण जिना है ना आमच्याकडं. तात्या चढणार कसे? आन् आर्याचं वर्ष है यंदा…"

"जिन्याचं काय," मिथुन म्हणाला. तो बियाणं कंपनीची गाडी चालवायचा. पोती उचलायची सवय होती. "मामांना मी उचलून नेईन की."

ज्योत्स्नानं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि त्यात डोकं घातलं.

"ताई," ज्योत्स्ना म्हणाली, आणि आपला आवाज बदललेला तिला स्वतःलाच ऐकू आला, "एक वर्ष थांबली असतीस तर… आर्याची परीक्षा होऊन गेली असती."

"तेच म्हणून राह्यलो मी," सूरज म्हणाला.

दोन मिनिटांपूर्वी ती ताईच्या बाजूला होती. आता सूरजच्या शेजारी उभी होती. जागेवरून हललीही नव्हती.

तेवढ्यात संध्या दारात आली. सूरजच्या बायकोबद्दल या घरात एक गोष्ट कायमची ठरलेली होती. सहा वर्षांपूर्वी तात्यांना दवाखान्यातून सोडलं तेव्हा, आमच्या फ्लॅटमधे मला जमणार नाही, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली होती. ते कुणी विसरलं नव्हतं. एकमेकांत बोलताना तिच्या नावापुढं आपमतलबी हा शब्द आपोआप लागायचा, ज्योत्स्नाकडून तर हमखास.

"ताई," संध्यानं विचारलं, "तुम्हाला कधीपासून जायचं होतं?"

दैवशाला ओसरीच्या पायरीवर बसली. हे तिला अजून कुणी विचारलं नव्हतं.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "घनसावंगीला ट्रेनिंग होतं. संध्याकाळी जालन्याची शेवटची बस गेल्ती. गोजरबाई म्हणून एक मॅडम होत्या, त्या म्हणल्या माझ्या खोलीवर चला. मी इकडं फोन केला, शेजारच्या बाईला तात्यांजवळ झोपायला सांगितलं आन् राह्यले. सकाळी जाग आली तर गोजरबाई मुलाकडं निघून गेल्त्या. खोलीत कुणीच नव्हतं. मी वाट बघून राह्यले की आता कुणीतरी हाक मारंल. कुणी मारलीच न्हाई. मंग मी आठ वाजेपर्यंत पडून राह्यले." ती थोडी हसली. "खिडकीतून ऊस दिसत होता. काही विचार पण केला न्हाई. नुसती पडले होते. परत येताना जीपमधी बसले आन् मला रडू आलं. शेजारच्या माणसाला वाटलं मी मयतीला चालले."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आन् अजून एक सांगते. तुम्ही मला फार मोठं करून ठेवलंय, ते बराबर न्हाई. ज्योत्स्ना, चार वर्षांमागं तू तात्यांना न्यायला आल्तीस. आठवतं?"

ज्योत्स्नाला चांगलं आठवत होतं. सासूबाई तेव्हा गावी होत्या. मिथुननं गाडीत गादी टाकली होती. घरात नवी खाट घेतली होती, शेजारच्यांचा संडास वापरायला मागून घेतला होता. सहा महिने तात्या आपल्याकडं, असं ठरवून ते आले होते.

"मी म्हणलं, डॉक्टर प्रवास नको म्हणले. जालन्याचं पाणी त्यांना चालायचं न्हाई. डॉक्टर काहीच म्हणले नव्हते, ज्योती. मी बनवून सांगितलं."

"का पण?"

"तात्या तुझ्याकडं गेले असते तर मी या घरात कोण राह्यले असते? शाळेत, गावात, सगळे म्हणतात, मॅडम, तुमच्यासारखी लेक कुणाला मिळत न्हाई. ते ऐकायची सवय लागल्ती मला. मी सगळं तात्यांसाठी न्हाई केलं. काही माझ्यासाठी पण केलं. मंग आता जायचंय तेव्हा ते त्यागाचं नाव लावून तुमच्या गळ्यात कशाला टाकू? मला जायचंय म्हणून जायचंय."

ज्योत्स्ना पायरीवर तिच्याशेजारी बसली. खूप वेळ ती पायाच्या अंगठ्यानं फरशीवरची मेणाचे वाळलेले थेंब उकरत राहिली.

"त्या दिवशी मी भोकरदनपर्यंत रडत गेल्ते," ती म्हणाली. "ताईनं माझ्यावर विश्वास ठेवला न्हाई म्हणून. आन् भोकरदनच्या पुढं मला हायसं वाटलं. खरं सांगते. तवापासून कुणी विचारलं तर मी म्हणते, आमची तयारी होती, ताईच पाठवत न्हाई."

दैवशालानं तिच्या पाठीवर हात ठेवला. ज्योत्स्नाला हसू आलं आणि रडूही आलं, आणि त्यातलं कुठलं आधी हे तिला कळेना.

*

तात्यांना सगळं ऐकू येत होतं. अर्धांगानं त्यांची जीभ जड झाली होती, पाय लुळा पडला होता. कान आणि डोकं शाबूत होतं. भिंतीवरच्या चुन्याच्या पोपड्याकडं बघत ते पडून होते.

त्यांना राग आला होता. दैवा यंदा मे महिन्यात पुन्हा ट्रेनिंग म्हणून दोन दिवस गेली होती, तेव्हाच तिनं तिकडं राहायला खोली बघितली असणार. त्यांना काही सांगितलं नाही. रोज पहाटे पाचला तिच्या चपला वाजायच्या, मग चुलाणं, मग "तात्या, उठायचं का?" ती घरी असली की तो आवाज कधी चुकला नव्हता, आणि त्या आवाजाच्या मागं तिच्या मनात ऊस आणि खिडकी होती हे त्यांना कधी कळलं नाही.

त्यांना ती पाहिजे होती. आपली लेक म्हणून, आणि आपले हातपाय म्हणूनही. यातलं किती कशासाठी हे त्यांना वेगळं करता येत नव्हतं.

आणि एक गोष्ट त्यांना पक्की माहीत होती. तिला थांबवायला सूरजचा अर्ज लागत नव्हता. नुसतं जेवण टाकलं की झालं.

हे त्यांनी एकदा केलं होतं. ज्योत्स्ना सहावीत असताना मेहकरकडच्या एका मास्तरचं स्थळ दैवासाठी आलं होतं. माणूस चांगला होता, दोनदा येऊन गेला. तात्यांनी त्याला नाही म्हटलं नाही. ते फक्त दोन दिवस जेवले नाहीत. दोन लहान लेकरं, आपण शेतावर, घरात बाईमाणूस नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. तिसऱ्या दिवशी दैवानं स्वतःच ताट वाढून आणलं आणि म्हणाली, "मी मास्तरला कळवलंय. तुम्ही जेवा." ते जेवले. पुढं लोक म्हणायचे, दैवशालानं भावंडांसाठी लग्न केलं नाही. तात्या ऐकून घ्यायचे.

"तात्या, जेवून घ्या." संध्या ताट घेऊन खाटेपाशी उभी होती. माणसांच्या गडबडीत त्यांचं जेवण राहून गेलं होतं.

"भूक न्हाई," तात्या भिंतीला म्हणाले.

बोलून झाल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं. तेच शब्द. त्यांना स्वतःची भीती वाटली.

संध्यानं ताट स्टुलावर ठेवलं आणि ती खाटेच्या पायथ्याशी बसली. आजवर ती अशी कधी बसली नव्हती. सूरजबरोबर यायची, नमस्कार करायची, संध्याकाळी निघून जायची.

"तुम्ही जेवला नाहीत तर त्या जाणार नाहीत," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्हाला माहितीये ते."

तात्यांनी मान वळवली. ही पोरगी सहा वर्षांपूर्वी सगळ्यांच्या तोंडावर नाही म्हणाली होती. तेव्हापासून त्यांनी तिच्याशी चार वाक्यांच्या वर बोलणं केलं नव्हतं.

"तुला काय करायचंय?"

"मला एक सांगायचंय. मी गोड बोलणार नाही. दिवाळीनंतर आमच्याकडं या. सहा महिने ज्योत्स्नाकडं, सहा महिने आमच्याकडं. आठ-पंधरा दिवस मी चांगलं करीन. मग चिडचिड करीन. माझा स्वभाव आहे तो, सूरजलाही ठाऊक आहे. दुपारी एक बाई ठेवू मदतीला. पण मी चिडले तर तुम्ही मनात ठेवायचं नाही, तुम्हीही चिडायचं. ताईंसारखं मला जमणार नाही. माझ्यासारखं जमेल."

तात्या तिच्याकडं बघत राहिले.

"तवा न्हाई म्हणलीस," ते म्हणाले.

"तेव्हा दोन महिन्यांपूर्वी माझा गर्भ पडला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. सूरजला सोडून."

खाली गल्लीत कुणाचीतरी मोटारसायकल सुरू होत नव्हती. किक मारल्याचा आवाज येत राहिला. तात्यांनी उजवा हात लांब केला. संध्याला वाटलं त्यांना उठायचंय, म्हणून तिनं आधार दिला. पण त्यांना फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. तो नीट पोचला नाही, खांद्यावर पडला. तिथंच राहू दिला त्यांनी.

मग ते म्हणाले, "उठव मला. खीर दे आधी. गार झाली का?"

"झाली."

"होऊ दे. दे."

*

दैवशाला मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. घालायची गरज नव्हती. ओसरीवरचं बोलणं थांबलं होतं आणि घरातल्या या शांततेचा अर्थ तिला लहानपणापासून माहीत होता. तात्या भिंतीकडं तोंड करून पडले की घर असंच गप्प व्हायचं. तिनं त्यांचं तोंड फिरवणं पाहिलं होतं. बोलता बोलता, गोजरबाईंच्या खोलीचं सांगता सांगता, तिची नजर त्या पाठीवरच होती. सदरा वर सरकला होता आणि मणके दिसत होते.

सत्याहत्तर वर्षांचा माणूस. त्याला दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवायचं, जिथं सकाळी उठून दार उघडलं तर ओळखीचं कुणी नाही. कशासाठी, तर आपल्याला आठ वाजेपर्यंत पडून राहायचंय म्हणून. शब्दांत मांडलं की किती क्षुल्लक दिसत होतं ते. तिला लाज वाटली. मग तिला वाटलं, ही लाज आपल्या रोजच्या ओळखीची आहे, आणि तिच्यासोबत राहणं सोपं आहे.

ती ओसरीवर आली. तात्या बसलेले होते, संध्या ताट घेऊन आत गेली होती. ताट रिकामं होतं हे दैवशालानं पाहिलं नाही.

"सूरज," ती म्हणाली, "दे तो अर्ज. सही करते."

सूरज पायरीवर बसला होता. फोल्डर त्याच्या मांडीवर होता. सकाळपासून त्याला हेच हवं होतं. त्यानं वर पाहिलं. ताई उभी होती, हात पुढं केलेला, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, रागही नाही. लहानपणी त्याच्या फीसाठी कानातलं मोडायला निघाली तेव्हा तिचा चेहरा असाच होता. तेव्हा त्यानं अडवलं नव्हतं. त्याला तेव्हा फी भरायची होती.

"पेन न्हाई," तो म्हणाला. पेन त्याच्या खिशाला लावलेलं सगळ्यांना दिसत होतं.

"सूरज."

"न्हाई म्हणलं ना. पेन न्हाई माझ्याकडं."

"दैवा," तात्यांनी हाक मारली. "हिकडं ये."

ती जवळ गेली. तात्या तिच्याशी बोलले नाहीत. ते ज्योत्स्नाकडं वळले.

"ज्योत्स्ना, तुझ्या जिन्याला पायऱ्या किती हैत?"

ज्योत्स्ना चपापली. "मोजल्या न्हाईत. तीस-बत्तीस असतील."

"मिथुनराव, उचलताल का मला?"

"मामा, एका दमात," मिथुन म्हणाला. या वेळी त्यानं बायकोकडं आधी पाहिलं. ज्योत्स्नानं मान हलवली. डोळे पुसले, आणि पुन्हा, जरा जोरात, हलवली.

"आर्याला अभ्यासाला पुढची खोली देऊ," ती म्हणाली. "तात्या माझ्याजवळ मागं. सासूबाईंना मी सांगते. संडासाचं बघू, शेजारच्यांना पुन्हा विचारू. कुरकुर होईल थोडी. होऊ दे."

"मला तसंबी जालन्याला जायाचंच व्हतं," तात्या म्हणाले. जड जिभेनं ते एकेक शब्द नीट ठेवत होते. "इथं पडून पडून कटाळा आला. तिथं मस्तगडला रामराव है ना. तुमच्या घरामागंच राहातो त्यो. तरणेपणी अकरा वर्षं एका गोदामात कामाला व्हतो आम्ही. संध्याकाळी येत जाईल माझ्याकडं. बसत जाऊ दोघं. लई दिवस झाले, भेट न्हाई."

"बघा, झालं की मग," मिथुन खूश होऊन म्हणाला. "आम्हाला म्हायतीच नव्हतं, मामांचा दोस्त आपल्या गल्लीत है म्हणून."

ज्योत्स्नाला रामराव आठवत नव्हते. सूरजला नाव ऐकल्यासारखं वाटलं. दैवशालाला मात्र ते चांगले माहीत होते.

रामराव जानेवारीत वारले होते. त्यांच्या नातवाचा मेसेज तिच्याच मोबाईलवर आला होता आणि तिनंच तो तात्यांना वाचून दाखवला होता. तात्यांनी दोनदा वाचायला लावला. त्या दिवशी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर घेऊन ते संध्याकाळपर्यंत बसून होते, आणि रात्री म्हणाले होते, "आता जालन्यात माझ्या बरोबरीचं कुणी राह्यलं न्हाई."

तात्या विसरले नव्हते. ते काही विसरत नसत. ते तिच्याकडं बघत होते, सरळ, पापणी न हलवता, आणि तिला कळलं की आपल्याला आठवतं हेही त्यांना माहीत आहे. तिनं नुसतं "तात्या, रामरावकाका तर…" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मिथुनचा चेहरा पडला असता, ज्योत्स्नाला जिना पुन्हा आठवला असता, सूरजच्या खिशातलं पेन बाहेर आलं असतं. आजवर तिला कुणी काही देऊ केलं की ती असंच एखादं वाक्य बोलायची. मला नको, माझं चालतंय, तुम्ही ठेवा. ते वाक्य आताही जिभेवर आलं होतं.

"हो," ती म्हणाली. "रामरावकाका हैत तिथं. बरं होईल तुम्हाला."

"मंग," तात्या म्हणाले.

"त्यांना सांगा, मी विचारलंय म्हणून."

"सांगतो."

सूरजनं फोल्डरमधून तिन्ही कागद काढले, त्यांची उभी घडी घातली आणि कुणाकडं न बघता खिशात कोंबले. आतून संध्यानं चहाचं पातेलं ठेवल्याचा आवाज आला.

"हजर कधी व्हायचंय तुला?" तात्यांनी विचारलं.

"सोमवारी."

"सामान?"

"फार न्हाई. एक पेटी."

"मिथुनराव सोडतील." त्यांनी उजव्या हातानं खाटेवर आपल्या शेजारची जागा थोपटली. "बस."

"चहाला दूध कमी है, मी जरा शेजारून…"

"त्या दोघी बघतील. तू बस."

दैवशाला खाटेच्या कडेला बसली. तात्यांनी अजून जरा सरकून तिला जागा करून दिली. चहा आला, तो ज्योत्स्नानं तिच्या हातात आणून दिला, आणि दैवशालानं तो बसूनच घेतला.